गुणपत्रिकेवरचा शेरा

दहावी-बारावीच्या परीक्षेत ज्यांनी पर्यवेक्षण केले आहे, त्यांना केंद्रातला एक वेगळा वर्ग ठाऊक असतो. तिथे मोजकीच मुले असतात. कुणाशेजारी लेखनिक बसलेला असतो, कुणी मोठ्या अक्षरांतला पेपर डोळ्यांजवळ धरून वाचत असते. शेवटची घंटा होते, बाकीचे वर्ग रिकामे होतात, पण इथला पेपर चालूच राहतो. बाहेर व्हरांड्यात मग एक वाक्य हमखास ऐकू येते, "जास्त वेळ मिळाला तर आमच्याही मुलांना जास्त गुण मिळाले असते."

हे वाक्य निव्वळ मत्सरातून येते असे समजून सोडून देता येणार नाही. त्यात मापनशास्त्रातला एक खरा प्रश्न दडलेला आहे. दोन मुलांना वेगवेगळा वेळ देऊन मिळालेले गुण एकाच फुटपट्टीवर ठेवता येतात का? अमेरिकेत या प्रश्नाला काही दशके एक विचित्र उत्तर दिले जात होते. वाढीव वेळ द्यायचा, पण गुणपत्रिकेवर तसा शेरा मारायचा. तो शेरा कसा आला आणि कसा गेला, हे पाहण्यासारखे आहे. त्यासाठी सुरुवात मात्र घड्याळापासून करावी लागेल.

प्रमाणित चाचण्यांत घड्याळाला इतके महत्त्व मिळाले ते पहिल्या महायुद्धात. 1917 साली अमेरिका युद्धात उतरली आणि रॉबर्ट यर्क्स यांच्या नेतृत्वाखालील मानसशास्त्रज्ञांनी सैन्यभरतीसाठी चाचण्या तयार केल्या. सुमारे 17 लाख माणसांनी त्या दिल्या. ज्यांना इंग्रजी वाचता येत होते त्यांच्यासाठी 'आल्फा' चाचणी होती. ज्यांना येत नव्हते त्यांच्यासाठी 'बीटा'. बीटामध्ये सूचना शब्दांत नसत, एक जण फळ्यासमोर उभा राहून मूकाभिनयाने करून दाखवी. म्हणजे एका अर्थाने परीक्षार्थीप्रमाणे परीक्षेची पद्धत बदलण्याचा हा फार मोठा प्रयोग होता. पण तो किती वरवरचा होता पाहा. चित्रातला अपुरा भाग ओळखायचा, या प्रश्नात कर्णा नसलेला ग्रामोफोन आणि जाळी नसलेले टेनिसचे मैदान दाखवलेले होते! युरोपातल्या खेड्यातून नुकत्याच आलेल्या शेतमजुराने टेनिसचे मैदान कुठे पाहिले असणार? शिवाय ज्याने उभ्या आयुष्यात पेन्सिल धरलेली नाही, त्यालाही पेन्सिलनेच आणि ठरलेल्या मिनिटांतच उत्तरे द्यायची होती.

या चाचण्यांवर काम केलेले कार्ल ब्रिगॅम पुढे महाविद्यालयीन प्रवेशाच्या परीक्षेकडे वळले. 'सॅट' या नावाने आज जगभर माहीत असलेली ती परीक्षा 23 जून 1926 रोजी पहिल्यांदा झाली. 8,040 उमेदवार बसले. प्रश्न 315 आणि वेळ 97 मिनिटे. भागाकार करून पाहा, एका प्रश्नाला साडेअठरा सेकंदसुद्धा पुरती येत नाहीत. हे जरा अतीच झाले हे संयोजकांच्याही लक्षात आले असावे. 1928 आणि 1929 साली परीक्षेचे भाग कमी केले गेले, आणि त्यामागे दर प्रश्नाला थोडा अधिक वेळ मिळावा हाही हेतू होता.

इथे थोडे थांबू. वेळेची मर्यादा घालण्यामागे दोन कारणे असू शकतात. पहिले, वेग हाच मोजायचा गुण असणे. टंकलेखनाच्या परीक्षेत मिनिटाला किती शब्द, हेच तर पाहायचे असते. तिथे घड्याळ काढून घेतले तर परीक्षाच उरत नाही. दुसरे कारण सोयीचे. हजारो मुले एकाच वेळी बसवायची, एकाच वेळी उठवायची, केंद्र रिकामे करायचे. शब्दगणित समजले आहे का, उताऱ्याचा अर्थ लागला आहे का, हे पाहताना वेग हा मोजण्याचा विषय नसतो, तो केवळ परीक्षेच्या व्यवस्थेचा भाग असतो. मानसशास्त्रज्ञ पहिल्या प्रकाराला वेगाची चाचणी आणि दुसऱ्याला कुवतीची चाचणी म्हणतात. व्यवहारात बहुतेक परीक्षा या दोहोंची खिचडी असतात, आणि तिथेच घोळ सुरू होतो.

हा घोळ तेव्हाही कुणाच्या लक्षात आला नव्हता असे नाही. 1923 साली रुच आणि कोर्थ या दोघांनी आल्फा चाचणी ठरलेल्या वेळात, दुप्पट वेळात आणि अमर्याद वेळात असे गुण मोजून पाहिले. वेळ वाढवला तरी परीक्षार्थींचा क्रम बव्हंशी तोच राहिला. झाले! वेळेच्या मर्यादेने कुणाचे फारसे बिघडत नाही, असे म्हणायला आधार मिळाला. पण 'बव्हंशी' या शब्दातच गोम आहे. सगळ्या गटाचा विचार केला तर क्रम टिकतो, याचा अर्थ त्या गटातल्या प्रत्येकाचे स्थान टिकते असा होत नाही. ज्याला ब्रेल बोटांनी चाचपत वाचावे लागते, किंवा ज्याची अक्षरे डोळ्यांसमोर एकमेकांत मिसळतात, तो असल्या सरासरीत हरवून जातो.

त्याला पुन्हा शोधून काढले ते संशोधकांनी नव्हे, आंदोलकांनी. अमेरिकेच्या 1973 च्या पुनर्वसन कायद्यातल्या कलम 504 ने सरकारी निधी घेणाऱ्या संस्थांना अपंगत्वावरून भेदभाव करण्यास मनाई केली. कायदा झाला, पण त्याचे नियमच निघेनात. अखेर 5 एप्रिल 1977 रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील सरकारी इमारतीत शंभराहून अधिक अपंग स्त्रीपुरुष ठाण मांडून बसले. ज्युडिथ ह्यूमन त्यांच्या एक नेत्या होत्या. चाकाच्या खुर्च्या वापरणारी, दररोजच्या औषधांवर आणि मदतनिसांवर अवलंबून असलेली ही माणसे जवळजवळ महिनाभर तिथून हलली नाहीत. 28 एप्रिलला आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याचे मंत्री जोसेफ कॅलिफानो यांनी नियमांवर सही केली.

त्या नियमांत आपल्या विषयाच्या दोन गोष्टी होत्या. एक, प्रवेश परीक्षा अशी हवी की तिच्यातून उमेदवाराची पात्रता दिसावी, त्याचे अपंगत्व नव्हे. दोन, प्रवेशाआधी महाविद्यालयाने उमेदवाराला अपंगत्वाविषयी विचारू नये. आता पेच लक्षात येईल. परीक्षा घेणाऱ्या संस्था वाढीव वेळ देत होत्या, पण गुणपत्रिकेवर परीक्षा नेहमीच्या पद्धतीने झाली नसल्याचा शेरा मारत होत्या. जे विचारायची महाविद्यालयाला बंदी होती, ते न विचारताच शेऱ्याने कळत होते.

संस्थांचे म्हणणे अगदीच लबाडीचे नव्हते. वेगळ्या परिस्थितीत मिळालेल्या गुणांचा अर्थ तोच आहे याची आम्ही हमी कशी देणार, असे त्या विचारत. मोजमाप करणाऱ्याने मोजण्याची परिस्थिती नोंदवावी, हे विज्ञानाच्या शिक्षकाला पटण्यासारखेच आहे. तेव्हा सरकारने संशोधन होईपर्यंत शेरा तात्पुरता चालू द्यायचे ठरवले. राष्ट्रीय विज्ञान अकादमीने नेमलेल्या समितीचा अहवाल 1982 साली आला. गुणांची तुलना करता येईल इतका पुरावाच हाती नाही, तो आधी जमवा, असा त्याचा आशय होता. मग वॉरेन विलिंगहॅम आणि सहकाऱ्यांचे संशोधन 1988 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. अपंगत्व असलेल्या मुलांसाठी बदललेल्या परीक्षाही बऱ्याच अंशी त्याच गोष्टी मोजतात, असे त्यात दिसले. मात्र अध्ययन अक्षमता असलेल्या ज्या मुलांना भरपूर जादा वेळ मिळाला होता, त्यांच्या परीक्षेतील गुणांवरून वर्तवलेल्या यशापेक्षा महाविद्यालयातली प्रत्यक्ष कामगिरी काहीशी कमी पडत होती. याचा अर्थ वेळ देऊच नये असा होत नाही. किती द्यावा हे मोजून ठरवावे असा होतो. पण शेरा राहिला. सरकारी कारभारातले 'तात्पुरते' किती टिकते हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

या काळात विद्यार्थ्यापुढे पर्याय काय होते? वाढीव वेळ घ्यावा, तर शेऱ्यामुळे आपले अपंगत्व अनोळखी प्रवेश अधिकाऱ्याला कळणार. लपवावे, तर अपुऱ्या वेळात पेपर अर्धवट राहणार. ज्याचे अपंगत्व डोळ्यांना दिसत नाही, त्या मुलाला ही निवड सतराव्या वर्षी, एकट्याने करावी लागे.

शेरा हलला तो कोर्टात. जन्मतः हात नसलेल्या एका तरुणाने व्यवस्थापन शाखेची प्रवेश परीक्षा जादा वेळ घेऊन दिली होती. गुणपत्रिकेवर शेरा आला, तेव्हा 1999 साली त्याने परीक्षा घेणाऱ्या 'एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस'वर दावा लावला. त्याचा मुद्दा सरळ होता. जादा वेळाने मला कुणाच्या पुढे नेलेले नाही, इतरांच्या रेषेवर आणून उभे केले आहे. मग माझे गुण संशयास्पद का ठरावेत? फेब्रुवारी 2001 मध्ये तडजोड झाली आणि संस्थेने आपल्या अनेक परीक्षांवरचा शेरा काढून टाकायचे मान्य केले. सॅट परीक्षा कॉलेज बोर्डाच्या मालकीची असल्याने तिच्यासाठी स्वतंत्र तज्ज्ञ समिती बसली. तिचे मत एकमुखी नव्हते, चार विरुद्ध दोन असे पडले. बहुमत मान्य होऊन ऑक्टोबर 2003 पासून सॅटवरचा शेरा गेला. वकिलीच्या प्रवेश परीक्षेने मात्र तो 2014 पर्यंत धरून ठेवला आणि अखेर 77 लाख डॉलरहून अधिक रक्कम मोजून कोर्टातला वाद मिटवला.

समितीतल्या त्या दोन विरोधी मतांकडे दुर्लक्ष करू नये. जादा वेळाने सगळ्यांचेच गुण थोडेफार वाढतात, असे पुढच्या अभ्यासांतही दिसत राहिले. 2005 साली स्टीफन सिरेसी आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा अपंगत्व असलेल्या मुलांचे गुण इतरांपेक्षा अधिक वाढतात, पण इतरांचेही वाढतात, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे व्हरांड्यातले ते वाक्य अर्धे खरे आहे! मात्र त्यावरून निघणारे अनुमान वेगळे आहे. सर्वसाधारण मुलालाही जादा वेळाचा फायदा होत असेल, तर मूळ परीक्षेतच वेळ अपुरा ठेवलेला आहे. आणि जिथे वेळ अपुरा असतो तिथे तो विकत घेणारेही निघतात. 2019 साली अमेरिकेत उघडकीला आलेल्या प्रवेश घोटाळ्यात श्रीमंत पालकांनी मुलांसाठी अध्ययन अक्षमतेचे दाखले मिळवून जादा वेळ पदरात पाडून घेतला होता. त्याची झळ बसली ती खरी गरज असलेल्या मुलांना, कारण त्यांच्याकडे पाहणाऱ्या नजरा अधिक संशयी झाल्या.

सॅटपुरते बोलायचे तर 2024 पासून ती पूर्णपणे संगणकावर आली आहे. तिच्यात 98 प्रश्न आणि 134 मिनिटे असतात. म्हणजे एका प्रश्नाला सुमारे 82 सेकंद. साडेअठराचे ब्याऐंशी व्हायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

आपल्याकडे गुणपत्रिकेवरचा शेरा हा वादाचा मुख्य मुद्दा झाला नाही. आपला वाद राहिला दाखल्याचा. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्याने अंध आणि अल्पदृष्टी विद्यार्थ्यांना लेखनिक देणे शिक्षणसंस्थांवर बंधनकारक केले. इतरांचा त्या कलमात उल्लेख नव्हता. महाराष्ट्रात अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना शालान्त परीक्षेत सोयी मिळू लागल्या त्या 1990 च्या दशकात. केंद्राच्या कायद्यात ही अक्षमता यायला 2016 साल उजाडले. 2013 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी दर तासाला किमान 20 मिनिटे जादा द्यावीत असे ठरवले, पण त्यासाठी 40 टक्के अपंगत्वाची अट होती. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराला लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी 2021 मध्ये न्यायालयाने निकाल दिला की लेखनिक मिळण्यासाठी 40 टक्क्यांची अट घालता येणार नाही. त्यानुसार नव्या सूचना ऑगस्ट 2022 मध्ये निघाल्या.

आपल्या भाषेचीही एक गंमत आहे. या सगळ्याला आपण सर्रास 'सवलत' म्हणतो. एसटीच्या तिकिटात मिळते ती सवलत, हुकलेल्या उत्तीर्णतेला हात देतात ते सवलतीचे गुण. हा शब्द वापरला की काहीतरी फुकट दिले असा वास येतोच. वर्गात चष्मा लावून बसलेल्या मुलाला आपण सवलत दिली असे कुणी म्हणत नाही. 'सोय' हा साधा शब्द हाताशी आहे, निदान आपल्या शाळेच्या सूचनाफलकावर तरी तो वापरता येईल.

आणि ज्यांना हा प्रश्न स्वतः मोजून पाहायचा आहे, त्यांनी पुढच्या घटक चाचणीत एक करावे. वेळ संपल्यावर पेपर गोळा करू नयेत. सगळ्यांना निळे पेन खाली ठेवून हिरवे घ्यायला सांगावे आणि आणखी पंधरा मिनिटे द्यावीत. नंतर निळ्या आणि हिरव्या शाईतले गुण वेगवेगळे मांडावेत. वर्गाची सरासरी किती वाढली हे तर पाहावेच, पण कोणत्या तीन-चार मुलांच्या पेपरात हिरवी शाई सर्वांत जास्त आहे, त्यांची नावे आधी लिहून घ्यावीत.