जुन्या मोटारीचे मोल

घरातील जुनी मोटार विकावयाचे ठरले, की पहिला वाद किमतीवर होतो. भंगारवाला लोखंडाच्या वजनावर किंमत सांगतो, दलाल गाडीच्या वयावर सांगतो आणि घरातील वडीलधारी माणसे आठवणींवर सांगतात. बेळगाव-निपाणीच्या टापूत अशा मोटारी अजून काही वाड्यांच्या ढेलजेत व बंगल्यांच्या आवारात कापड पांघरून उभ्या आहेत. त्यांचे खरे मोल समजावयाचे, तर मोटारीच्या किमतीचा इतिहास पाहावा लागतो. कारण ही किंमत गेल्या सत्तर वर्षांत किमान तीनदा पालटली आहे.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आरंभी परदेशी सुटे भाग जोडून गाड्या तयार होत. १९५३ मध्ये केंद्र सरकारने धोरण जाहीर केले, की देशात प्रत्यक्ष उत्पादनाची योजना असलेल्या कारखान्यांनाच यापुढे वाव मिळेल. जनरल मोटर्स व फोर्ड यांनी आपला येथील जोडणीचा व्यवसाय आवरता घेतला. मध्यमवर्गीय कुटुंबासमोर मुख्यतः तीनच नावे उरली : मुंबईची फियाट, उत्तरपाड्याची अँबॅसेडर आणि मद्रासची स्टँडर्ड. पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडणारी फियाट ११०० लोकांच्या तोंडी ‘डुक्कर फियाट’ झाली आणि त्याच नावाने घरोघरी लाडकी ठरली.

मागणी मोठी आणि उत्पादन तुटपुंजे, म्हणून नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणे आले. १९५९ मध्ये मोटारींच्या वाटपावर व विक्रीवर सरकारी नियंत्रण आले; १९६९ मध्ये किमतीही ठरवून देण्यात आल्या आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. या टंचाईत एक विलक्षण गोष्ट घडली. वापरलेली मोटार कोऱ्या मोटारीहून महाग विकली जाऊ लागली. खरेदीदार पैसे मोजीत होता, ते यंत्रासाठी नव्हे, तर रांगेत घालवावी लागणारी वर्षे वाचविण्यासाठी.

याच काळात सीमाभागातील मोटारींच्या वाट्याला आणखी एक अनुभव आला. १९५५ मध्ये बेळगावात नोंदलेली मोटार मुंबई राज्याची होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले आणि २०१४ मध्ये शहराचे शासकीय नाव बेळगावी झाले. मोटार होती तेथेच उभी राहिली. तिच्याभोवतीचे राज्य मात्र बदलत गेले. म्हणूनच एखाद्या कुटुंबाने जपून ठेवलेले पहिले नोंदणीपुस्तक हे या टापूच्या इतिहासाचे अस्सल साधन ठरते.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुतीची छोटी गाडी रस्त्यावर आली आणि टंचाईने चढविलेली किंमत उतरणीला लागली. जुनी फियाट व अँबॅसेडर हलक्या, कमी इंधन खाणाऱ्या गाड्यांपुढे ओझ्यासारखी वाटू लागली. कित्येक उत्तम मोटारी या काळात मोडीत गेल्या. २०१४ च्या मे महिन्यात उत्तरपाड्याचा कारखाना थांबला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरील शेवटची फियाट टॅक्सीही निवृत्त झाली. मात्र अँबॅसेडर हे नुसते नाव २०१७ मध्ये ८० कोटी रुपयांना एका फ्रेंच कंपनीने विकत घेतले. जी वस्तू निर्माण होणेच थांबले, तिच्या स्मृतीला बाजारात मोल आले. किमतीच्या इतिहासाचे हे तिसरे वळण होय.

या वळणावर मूल्यमापनाचे नेहमीचे गणित लटके पडते. मोटार विम्याच्या प्रचलित कोष्टकात पाचव्या वर्षापर्यंत घसारा ५० टक्क्यांवर पोचतो. तेथून पुढे कोष्टक मौन धरते आणि किंमत विमेदार व कंपनी यांनी परस्परसंमतीने ठरवावयाची असते. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठी स्वतंत्र नियम केले. सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या मोटारीस ‘व्ही.ए.’ अक्षरांची खास पाटी मिळू शकते. तिची प्रथम नोंदणी वीस हजार रुपयांत दहा वर्षांसाठी होते. अशी मोटार प्रदर्शनास व मेळाव्यास नेता येते, रोजच्या वापरास नाही.

यातून एक तत्त्व स्पष्ट होते. जुन्या मोटारीत चकाकीपेक्षा अस्सलपणा मोठा. विक्रीपूर्वी हौसेने नवा रंग चढविणारा मालक पुष्कळदा आपलेच नुकसान करून घेतो. जाणकार खरेदीदार प्रथम सांगाड्यावरील व इंजिनावरील क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहतो. बेळगावचा पाऊस मोटारीचा तळ खातो, म्हणून तो चटई उचलून गंज शोधतो. पत्र्यावर लोहचुंबक फिरवून लांबी कोठे भरली आहे ते ओळखतो. इंजिन थंड असताना सुरू करून धुराचा रंग पाहतो. तवंदीचा घाट चढताना पाणी उकळते की नाही, यावरून त्याला इंजिनाची प्रकृती कळते. जुन्या पावत्या, मूळ हत्यारांची पेटी व दुरुस्तीच्या नोंदी यांचा गठ्ठा समोर आला, की त्याचा हात खिशाकडे सहज जातो. कारण निगा राखली होती हे सांगणे सोपे, दाखविणे अवघड.

व्यवहार ठरल्यावरही कागदांचा प्रश्न सुटत नाही. निपाणीहून कागल अगदी जवळ; पण कर्नाटकात नोंदलेली मोटार कागलच्या खरेदीदारास द्यावयाची, तर मूळ नोंदणी कार्यालयाचे ना-हरकत पत्र लागते आणि बारा महिन्यांहून अधिक काळ ती तेथे राहावयाची असल्यास नवी नोंदणी करावी लागते. रस्ता अर्ध्या तासाचा, कागदांचा प्रवास मात्र कित्येक आठवड्यांचा. याच त्रासाला कंटाळून पुष्कळ जण पैसे घेतात, किल्ली देतात आणि नाव बदलण्याचे राहून जाते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला, की नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याने मालक. मोटार पुढे कितीही हात बदलो, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच. वडिलांची मोटार प्रेमाने निरोप देऊन पाठवावी आणि काही वर्षांनी न्यायालयाची नोटीस तिच्या नावाने दारी यावी, याहून कटू आठवण कोणती?

सारांश, चांगली जपलेली मोटार विकताना तीन गोष्टी विकल्या जातात : यंत्र, त्याची दुर्मिळता आणि ते जपल्याचा पुरावा. यंत्र कारखान्याने दिले, दुर्मिळता काळाने आणली. पुरावा तेवढा कुटुंबाच्या हातचा. ज्या प्रांतात सीमा बदलल्या, गावांची नावे बदलली, तेथे एका घराने सत्तर वर्षे एक पुस्तक कोरडे ठेवले, याची किंमत भंगाराच्या काट्यावर कधीच उतरत नाही.