काच, रेझिन आणि सवय : इपॉक्सीपासून जपायला माणूस कसा शिकला

१/१६
फेब्रुवारी १९६५. लंडनजवळच्या एपिंग गावात एकाएकी काविळीचे रुग्ण वाढू लागले. पोटात कळ, मग पिवळे पडणारे डोळे. पाहता पाहता रुग्णांची संख्या ८४ वर गेली. नेहमीच्या संसर्गजन्य काविळीचा संशय येणे स्वाभाविक होते. पण शोधाचा धागा अखेर एका अनपेक्षित ठिकाणी पोहोचला : पावापाशी. #थ्रेड

२/१६
ज्या पिठाचा तो पाव होता, त्याचे पोते एका गाडीतून आले होते. त्याच गाडीत एका रसायनाचा डबाही होता. ते रसायन सांडले आणि पोत्यात मुरले. भाजणाऱ्याला पत्ता नाही, खाणाऱ्याला पत्ता नाही. सुदैवाने सारे रुग्ण बरे झाले. १९६६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने ही हकीकत ‘एपिंग जॉन्डिस’ या नावाने प्रसिद्ध केली.

३/१६
ते रसायन होते डायअमिनोडायफिनिलमिथेन, म्हणजेच एमडीए. त्याचे काम इपॉक्सी रेझिन घट्ट करण्याचे. नौका, विमाने, कारखान्यांच्या फरशा, विजेची उपकरणे यांच्या घडणीत लागणारा हा हार्डनर. तो पोटात गेला तर यकृतावर घाव घालतो, हे एपिंगने दाखवले. पण जे रोज हातांनी हे काम करत होते, त्यांचे काय?

४/१६
या प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी दोन पदार्थांची कुळकथा पाहावी लागते. पहिला पदार्थ काचतंतू. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात एडवर्ड लिबी या काच कारखानदाराने काचेचे तंतू आणि रेशीम एकत्र विणून केलेला पोशाख मांडला. लोकांनी नवल केले. पण त्या कापडाला ना लवचीकपणा होता, ना अंगाला सोसेल असा मऊपणा.

५/१६
काचतंतू खऱ्या अर्थाने उद्योगात आला तो १९३० च्या दशकात. अमेरिकेतील ओवेन्स-इलिनॉय कंपनीत डेल क्लाइस्ट आणि गेम्स स्लेटर यांच्या प्रयोगांतून वितळलेल्या काचेच्या धारेवर झोत मारून बारीक तंतू काढण्याची रीत सापडली. १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग फायबरग्लास ही स्वतंत्र कंपनी उभी राहिली.

६/१६
दुसरा पदार्थ इपॉक्सी. जर्मनीत पॉल श्लाक यांनी १९३४ मध्ये या रसायनाच्या दिशेने पहिले पेटंट घेतले. त्यानंतर स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तां यांनी ते सिद्ध केले, आणि तेही कशासाठी? दातांच्या कवळ्या व भरणासाठी! दंतवैद्यकात त्याचे बस्तान बसले नाही. हक्क बाझेलच्या सीबा कंपनीकडे गेले.

७/१६
१९४६ मध्ये बाझेलच्या औद्योगिक मेळ्यात ‘अ‍ॅराल्डाइट’ हे नाव लोकांपुढे आले. पुढे भारतात तर हे नाव म्हणजेच तुटलेले सांधणारा पदार्थ, असा अर्थ रूढ झाला. दोन नळ्या, समान भाग, काडीने कालवणे : लाखो घरांनी इपॉक्सीचे रसायनशास्त्र याच रूपात पाहिले.

८/१६
काचतंतूची पहिली मोठी जोडी मात्र जमली पॉलिएस्टर रेझिनशी. १९४२ मध्ये रे ग्रीन यांनी अमेरिकेत फायबरग्लासची नौका घडवली. १९५३ मध्ये कॉर्व्हेट ही मोटार त्याच जातीचे अंग घेऊन आली. पॉलिएस्टरमधील स्टायरीनचा वास तीव्र असतो. तो नाकाला झोंबतो आणि खिडकी उघडायला लावतो. इपॉक्सीला असा वास जवळजवळ नाही. पुढची फसगत इथूनच सुरू होते.

९/१६
काचतंतू हाताळणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट छळते : खाज. मनगटावर, मानेवर, कोपराच्या आतल्या बाजूला. ही खाज विषाची नव्हे, टोचण्याची. जाडसर तंतूंची सूक्ष्म टोके कातडीत रुततात. पुष्कळ कामगारांना काही आठवड्यांत तिची सवय होते, आणि कारखान्यात एक वाक्य तयार होते : “होईल सवय.”

१०/१६
कातडीत रुतणाऱ्या तंतूंहून फुप्फुसांत शिरणाऱ्या बारीक तंतूंची चिंता मोठी होती. अ‍ॅस्बेस्टॉसचा अनुभव ताजा होता. १९८८ मध्ये जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने काचलोकर ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात टाकली. २००१ च्या फेरविचारात इमारतींत वापरली जाणारी नेहमीची काचलोकर त्या गटातून बाहेर काढली. नौकाबांधणीतला अखंड काचतंतू त्या गटात कधीच नव्हता. म्हणून धूळ निरुपद्रवी ठरत नाही. घासकाम करताना मास्क लागतोच.

११/१६
इपॉक्सीची गोष्ट नेमकी उलटी आहे. आज हाताला लागले, काही झाले नाही. महिनाभर लागले, काही झाले नाही. मग एके दिवशी बोटांच्या बेचक्यांत पुरळ, पापण्यांना सूज. ही ॲलर्जी. शरीराने तो पदार्थ ‘ओळखला’ की ती ओळख सहसा आयुष्यभर पुसली जात नाही. काचेची सवय होते. इपॉक्सीची सवय होत नाही, वैर होते.

१२/१६
ही ॲलर्जी ओळखण्याचे साधन जुने होते. योझेफ याडासोन यांनी १८९५ मध्ये मांडलेली पॅच टेस्ट, म्हणजे संशयित पदार्थ पट्टीखाली कातडीवर ठेवून पाहणे. स्वीडनमधील लुंड येथील स्वेन फ्रेगर्ट यांनी १९७७ मध्ये याच साधनाने मुख्य अपराधी दाखवला : इपॉक्सीतील सर्वांत लहान रेणू, रेण्वीय भार ३४०. मोठे रेणू त्यामानाने सौम्य.

१३/१६
या शोधाने कारागिराच्या बऱ्याच गोष्टींना कारण मिळाले. पूर्ण घट्ट झालेल्या इपॉक्सीत हे लहान रेणू एकमेकांत बांधले जातात. अर्धवट घट्ट झालेल्यात ते मोकळे राहतात. म्हणून घाईने घासलेल्या कच्च्या थराची धूळ अधिक घातक. ‘हार्डनर जास्त टाकला की लवकर सुकते’ हा समजही खोटा : प्रमाण चुकले की एकतर रेझिन उरते, नाहीतर हार्डनर.

१४/१६
एपिंगने उभा केलेला प्रश्न अमेरिकेत सुटला. १९७४ मध्ये तेथील वैद्यकीय अहवालांत एमडीए असलेले इपॉक्सी हाताळणाऱ्या कामगारांच्या यकृतदाहाची नोंद झाली. त्यांच्या पोटात काही गेले नव्हते. विष गेले होते कातडीतून. १९९२ मध्ये अमेरिकी सरकारने एमडीएसाठी स्वतंत्र नियम केला. हवेतील मर्यादेबरोबरच कातडीच्या रक्षणाची बंधने त्यात आली.

१५/१६
मग हातमोजे आले, पण तिथेही धडा होताच. पातळ रबरी मोज्यातून इपॉक्सीचे रेणू पार होतात. मोजा कोरडा दिसतो आणि आत हात भिजत असतो. नायट्रिलचे मोजे बरे, तेही डाग पडताच बदलायचे. दीर्घ कामासाठी अनेक थरांचे विशेष मोजे निघाले. सर्वांत जुनी चूक मात्र आजही टिकून आहे : चिकट हात थिनरने धुणे. थिनर रेझिन विरघळवतो, कातडीचे तेलकट कवच काढतो आणि रेझिनला आत जाण्याची वाट करून देतो. त्याऐवजी आधी पुसावे, मग साबण आणि पाणी.

१६/१६
आज इपॉक्सी कारखान्याबाहेर पडले आहे. स्वयंपाकघराच्या ओट्यावर, मुलांच्या शेजारी, रेझिनचे दागिने आणि टेबले घडतात. वास नाही, म्हणून भीती नाही. एपिंगच्या पिठानेही आपल्यात काय मुरले आहे हे कुणाला सांगितले नव्हते. नाक, डोळे आणि सवय, माणसाचे हे तिन्ही पहारेकरी इथे गाफील राहतात. ते जिथे चुकतात तिथे उपयोगी पडतात मोजमाप, मोजा आणि उघडी खिडकी. आणि कालवलेल्या रेझिनचा डबा अन्नापासून दूर ठेवण्याची साधी शिस्त. (समाप्त)