अश्मक देशाचें पर्जन्यमान : ‘अर्धत्रयोदश’ म्हणजे किती?

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत, सीताध्यक्षाच्या म्हणजे सरकारी शेतीवरील अधिकाऱ्याच्या प्रकरणांत, देशोदेशींच्या वार्षिक पावसाचीं मानें द्रोणांत दिलीं आहेत. जांगल देशास १६, अवंतीस २३, आणि अपरान्तास, म्हणजे आपल्या कोंकणास, अमित. अश्मक देशास ‘अर्धत्रयोदश’ द्रोण सांगितले आहेत. अश्मक हा गोदातीरचा देश. त्यास लागून मूलक, आणि मूलकांचें प्रतिष्ठान तें आपलें पैठण. तेव्हां छत्रपति संभाजीनगरच्या (औरंगाबादच्या) अभ्यासकांस हा आंकडा घरचाच वाटल्यास नवल नाहीं.

ही पोथी म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयांत १९०५ सालीं पंडित शामशास्त्री यांच्या हातीं आली. त्यांनीं १९०९ सालीं मूळ ग्रंथ व १९१५ सालीं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. त्या भाषांतरांत अश्मकांचें मान साडेतेरा द्रोण आहे. पंडितजींचे उपकार मोठे; तथापि येथें आमचा मतभेद आहे. ‘अर्धत्रयोदश’ म्हणजे तेरावा अर्धा, अर्थात् साडेबारा.

यास प्रमाण मराठींतच आहे. ‘अर्धतृतीय’ पासून आपला ‘अडीच’ झाला, ‘अर्धचतुर्थ’ पासून ‘औट’. लहानपणीं वडील माणसांनीं आम्हांकडून औटकी घोकवून घेतली, ती साडेतिनांची, साडेचारांची नव्हे! पाली ग्रंथांत बुद्धाबरोबरचा भिक्षुसंघ ‘अड्ढतेळस’ शतांचा म्हटला आहे, व तो १२५० भिक्षूंचा होय, याविषयीं वाद नाहीं. शिवाय अर्ध अधिक सांगावयाचें तेथें कौटिल्य त्याच वाक्यांत ‘अध्यर्ध’ असा निराळा शब्द योजितो. साडेतेरा म्हणावयाचे असते तर ‘सार्धत्रयोदश’ हा सरळ शब्द होता. आपलें ‘साडे’ त्याच ‘सार्ध’ पासून आलें आहे.

आतां हें पाणी मोजीत कसें? कोष्ठागारांत अरत्निभर तोंडाचें कुंड ठेवावें, असें अर्थशास्त्र सांगतें. वराहमिहिर बृहत्संहितेंत हातभर रुंदीचें कुंड घेऊन ५० पळांचा आढक धरतो; ४ आढकांचा द्रोण. पळ ४ तोळ्यांचें व हात १८ इंचांचा मानल्यास एका द्रोणाचा पाऊस सुमारें ५७ मिलिमीटर भरतो. साडेबारा द्रोणांचे सुमारें ७१० मिलिमीटर होतात, साडेतेरांचे ७६७. छत्रपति संभाजीनगरची वार्षिक सरासरी ७०० च्या आसपास आहे.

हा मेळ पाहून आम्हांसही क्षणभर हर्ष झाला. परंतु त्यावर भार टाकूं नये. पळाचें वजन देशकालानुसार बदलत आलें आहे, आणि दोन ग्रंथांमध्यें कांहीं शतकांचें अंतर आहे. दुसरें असें कीं, अश्मकांची राजधानी पोतन म्हणजे निजामाबादेजवळचें बोधन, असें पुष्कळ अभ्यासक मानतात. आणि तिकडे पाऊस आपल्याहून बराच अधिक पडतो. सह्याद्रीच्या आडोशास असलेल्या आपल्या पठाराचें मान तिकडे लागू करतां येणार नाहीं. म्हणून साडेबारांचा निर्णय शब्दावर टिकतो, पावसावर नाहीं.

ज्यांच्या संग्रहीं गणिताच्या वा दानपत्रांच्या जुन्या नकला असतील, त्यांनीं ‘अर्ध’ पूर्वपदीं असलेले संख्यावाचक समास कोठें अक्षरीं व अंकीं असे दोन्ही प्रकारें लिहिले आहेत काय, तें पाहून कळवावें.