जात, गणित आणि भावी शिक्षक (मुंबई)

दलित समाजातून अध्यापनाकडे वळणाऱ्यांना शाळेत, अध्यापक विद्यालयात आणि पात्रता परीक्षेत गणिताचा जो अनुभव येतो, त्यातला जातीचा वाटा तपासणारा शिक्षणविचारातील विषय. अमेरिकेत डॅनी बर्नार्ड मार्टिन यांनी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या गणितातील यशापयशावर २००० साली ग्रंथ लिहून हाच प्रश्न वंशाच्या अंगाने मांडला. नागरी हक्क चळवळीतील रॉबर्ट मोझेस यांनी त्याआधी १९८२ मध्ये ‘अल्जिब्रा प्रोजेक्ट’ सुरू केला; बीजगणित येणे हा त्यांच्या लेखी नागरी हक्काचाच भाग होता. मुंबईत हा प्रश्न जातीचा आहे.

त्याची सर्वांत बोलकी नोंद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शालेय आयुष्यात सापडते. परळच्या डबक चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब राहत असे. वडील रामजी सकपाळ स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मग भीमाला अभ्यासाला उठवून आपण झोपत. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये एकदा शिक्षकांनी त्याला उदाहरण सोडवायला फळ्याशी बोलावले. सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले असत. ते विटाळतील म्हणून मुलांनी गलका करत धाव घेतली आणि भीम पोहोचायच्या आत डबे बाजूला भिरकावले. हा प्रसंग धनंजय कीर यांनी चरित्रात दिला आहे. इतिहास-भूगोल बाकावर बसून पाठ करता येतो. गणितात मात्र साऱ्या वर्गादेखत फळ्याशी जाऊन, हातात खडू घेऊन चुकावे लागते. तिथे जाण्याचीच धास्ती घातली, तर पुढचे गणित आपोआप बंद होते. संस्कृतचा दरवाजा तर आंबेडकरांना उघडपणेच बंद होता, म्हणून त्यांनी फारसी घेतली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. गिरगावच्या चर्नी रोड बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाला हेरून पुढे मदत करणारे कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे शिक्षकच होते. एका शिक्षकाची नजर काय करू शकते, याचा हा दाखला आहे.

शिक्षक झाल्यावरही जात सुटली नाही. १९१८ मध्ये आंबेडकर सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, तेव्हा त्यांनी प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातले पाणी पिण्याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. पीपल्स एज्युकेशन सोसायटी (१९४५) आणि फोर्टमधील सिद्धार्थ महाविद्यालय (१९४६) यांच्यामागे हाही अनुभव आहे.

‘यांना गणित जमत नाही’ या समजाला मुंबईतच प्रयोगाने उत्तर मिळाले. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे वि. गो. कुलकर्णी आणि सु. चिं. आगरकर यांनी महापालिका शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना विज्ञान-गणिताचे जादा मार्गदर्शन दिले आणि त्यावरील अहवाल १९८५ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. अडसर बुद्धीचा नव्हता. पाठ्यपुस्तकाची अवघड भाषा आणि घरी न मिळणारा आधार, यांत मुले अडकत होती; ती अडचण दूर होताच शालान्त परीक्षेतले त्यांचे यश वाढले. या कामाची आठवण अध्यापक विद्यालयांत आवर्जून करून द्यायला हवी.

आजचा उंबरठा शिक्षक पात्रता परीक्षेचा. पहिली ते पाचवीच्या शिक्षकांसाठीच्या पेपरात १५० पैकी ३० गुण गणिताला असतात. पात्रतेसाठी खुल्या प्रवर्गाला ६० टक्के, तर अनुसूचित जातींना ५५ टक्के गुण लागतात. प्रश्नपत्रिका सर्वांना एकच असते. तरीही शिक्षकखोलीत या पाच टक्क्यांवर बोट ठेवून ‘सवलतीतला’ म्हणणारे भेटतात, आणि मग गणिताचा तास कोणाला द्यायचा हे ठरवताना त्या शिक्षकाचे नाव मागे पडते.