शाळेची घंटा पुन्हा वाजली तेव्हा



इतिहास केवळ राजेरजवाड्यांचा नसतो. शाळेच्या घंटेलाही इतिहास असतो. १८९७ साली प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात देह ठेवला. त्याच पुण्यात ९ मार्च २०२० रोजी राज्यातील पहिले कोरोना रुग्ण आढळले आणि महिनाअखेरपर्यंत शाळांना कुलूप लागले.

भोसरी-चाकणचे कारखाने काही आठवड्यांतच हळूहळू सुरू झाले. शाळा मात्र थांबून राहिल्या. नववी ते बारावीला २३ नोव्हेंबर २०२० पासून परवानगी मिळाली, तरी आपल्या शहराला नव्या वर्षाची वाट पाहावी लागली. पुढे दुसरी लाट आली. २०२१ ची दहावीची लेखी परीक्षाच रद्द झाली. शहरांतील पहिली ते सातवीला १ डिसेंबर २०२१ चा मुहूर्त मिळाला. तोही येथे लांबला. ५ डिसेंबरला पिंपरी-चिंचवडमध्येच ओमायक्रॉनचे ६ रुग्ण सापडले. जानेवारी २०२२ मध्ये वर्ग पुन्हा बंद झाले, पुन्हा उघडले.

म्हणजे जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल वर्गात प्रथम बसले ते दुसरीत! घरात मोबाईल एकच, आणि तो वडिलांबरोबर कामावर गेलेला. अशा घरांचे नुकसान सर्वांत मोठे झाले.

बंद यंत्र थांबले तेथूनच पुढे चालते. मुलाचे तसे नसते. म्हणून पालकहो, मूल कोणत्या इयत्तेत आहे एवढेच विचारू नका. रोज दहा मिनिटे त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. मागे राहिलेली मुलगी किंवा मुलगा शाळेतून काढू नका.