कंटेनर आणि छत्रीचा मेळ (स्कायडायव्हिंग)

स्कायडायव्हिंगमध्ये मुख्य आणि राखीव अशा दोन्ही छत्र्या घडी करून ज्या पाठपिशवीत बसवतात तिला कंटेनर म्हणतात. अंगावर बांधायच्या हार्नेसच्या पट्ट्या तिलाच शिवलेल्या असतात. वरच्या कप्प्यात राखीव छत्री, खालच्यात मुख्य. पूर्वी राखीव छत्री पोटावर बांधत. आता दोन्ही पाठीवर असतात. प्रत्येक कंटेनर ठरावीक मापाच्या छत्र्यांसाठी बेतून शिवलेला असतो. कशीबशी मावली म्हणून ती छत्री त्या कंटेनरची होत नाही.

घोळ मापातच आहे. छत्री विकली जाते क्षेत्रफळावर, कंटेनरला मात्र कर्तव्य घनफळाशी. ‘१५०’ म्हणजे दीडशे चौरस फूट, सुमारे १४ चौरस मीटर. पण घडी केल्यावर तिचा गठ्ठा केवढा होईल हे त्या आकड्यात नसते. एफ-१११ जातीच्या नायलॉनमधून थोडी हवा आरपार जाते, त्यामुळे त्याची घडी लवकर दबते. सिलिकॉनचा लेप दिलेले झीरो-पोरॉसिटी कापड, म्हणजे पॅकरच्या तोंडचे ‘झेडपी’, हवा धरून ठेवते आणि नवे असताना हातातून निसटत राहते. त्यामुळे तेवढ्याच क्षेत्रफळाची झेडपी छत्री साधारण एका आकाराने मोठी भरते. दोऱ्यांचाही वाटा असतो: डेक्रॉनच्या दोऱ्या जाड, स्पेक्ट्रा किंवा व्हेक्ट्रनच्या बारीक. आतून तिरप्या पडद्यांनी ताठ केलेल्या क्रॉस-ब्रेस्ड छत्र्यांत कापड जास्त लागते, म्हणून त्या आकड्याने लहान दिसल्या तरी गठ्ठा मोठा होतो. शिवाय क्षेत्रफळ मोजण्याची रीत सगळीकडे एक नाही. फ्लोरिडातील डीलँडची परफॉर्मन्स डिझाइन्स ही कंपनी स्वतःच्या पद्धतीने मोजते, त्यामुळे तिची १५० आणि दुसऱ्या कंपनीची १५० तंतोतंत सारख्या असतीलच असे नाही. घनफळाचे तक्ते घनइंचांत मिळतात, पण तेही अंदाजापुरतेच धरावेत. दमट आणि कोरड्या हवेत तीच छत्री वेगळी बसते, आणि दोन पॅकरांच्या हातून तर हमखास वेगळी.

म्हणून कंटेनर बनवणारे आकाराला स्वतःची सांकेतिक नावे देतात (व्हेक्टर कंटेनरचे व्ही-३०६, व्ही-३१०, जॅव्हलिन कंटेनरचे जे-१, जे-२) आणि प्रत्येक नावापुढे कोणती छत्री सैल, कोणती बेताची, कोणती घट्ट बसेल ते तक्त्यात छापतात. एका कंटेनरमध्ये शेजारशेजारचे दोन-तीन आकार चालतात, त्यापलीकडे नाही.

मुख्य छत्री घडी करून आधी डी-बॅग नावाच्या पिशवीत घालतात, ती बॅग कप्प्यात ठेवतात आणि चार पाळ्या तिच्यावर मिटतात. पाळ्यांच्या आयलेटमधून दोरीचा एक फास वर ओढून त्यात वाकडी पिन सरकवली की कप्पा बंद. हा क्लोजिंग लूप जेमतेम काही इंचांचा, पण सगळा ताण त्याच्यावर. खालच्या टोकाला वॉशर लावून गाठ मारलेली असते. गाठ सरकवून लूप लांब-आखूड करता येतो. छत्री कप्प्याला लहान असली की हीच युक्ती केली जाते: लूप आखूड करून पिन घट्ट बसवायची. दिसायला काम फत्ते होते. पण मधला ताण वाढला तरी कोपरे रिकामेच राहतात, मोठ्या अभ्र्यात छोटी उशी घातल्यासारखे. विमानात बसता-उठताना बॅग एका बाजूला सरकते, लूप ढिला पडतो आणि पिन निसटायला मोकळी होते. विमानाच्या दारात हे घडले तर छत्री शेपटात अडकू शकते. पोटावर आडवे पडून खाली येणाऱ्याचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास असतो. डोके खाली करून झेपावणारा २५० च्या वर जातो. त्या वेगात छत्री आपोआप उघडली तर झटका माणसाला आणि कापडाला दोघांनाही झेपेलच असे नाही. फ्रीफ्लाय, म्हणजे अशा डोके-खाली वगैरे उड्या, करणाऱ्यांनी सैल कंटेनर वापरणे हा निव्वळ अविचार आहे.

उलट बाजू दिसायला निरुपद्रवी वाटते. मोठी छत्री घातलेला कप्पा गुडघ्याने दाबून, लूपला ओढदोरी लावून शेवटी बंद होतोच. पण इतकी कोंबलेली बॅग कप्प्यातून सुटताना कोपऱ्यांत अडकते. पायलट शूट, म्हणजे बाहेर फेकायची छोटी छत्री, वाऱ्यात ताणली जाते आणि तरी मुख्य छत्री बाहेर येत नाही. मग राखीव उघडावी लागते, तर खालचा फुगलेला कप्पा वरच्याला दाबून धरतो. राखीव निघून गेल्यावर हा दाब अचानक कमी होतो आणि अडकलेली मुख्य छत्रीही मागून बाहेर पडू शकते. एकाच माणसाच्या डोक्यावर दोन छत्र्या हे या खेळातले जुने भय आहे.

राखीव कप्प्याच्या बाबतीत तडजोड नसते. तो अमेरिकेत परवानाधारक रिगरच (छत्र्या भरणारा तंत्रज्ञ) भरतो, आणि उडी न मारताही १८० दिवसांत पुन्हा भरावा लागतो. राखीव छत्रीची बॅग छत्रीला बांधलेली नसते. स्प्रिंगवर उसळणाऱ्या पायलट शूटबरोबर ती वेगळी निघून जाते. ही व्यवस्था नीट चालायची तर बॅग कप्प्यात चपखल हवी. मानकानुसार राखीवचे हँडल २२ पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे १० किलोपेक्षा जास्त जोर न लावता ओढले गेले पाहिजे. जागा कमी असेल तर पातळ कापडाची राखीव छत्री हा आता रुळलेला मार्ग आहे. परफॉर्मन्स डिझाइन्सची ऑप्टिमम तिच्याच जुन्या राखीव छत्रीपेक्षा सुमारे एका आकाराने लहान भरते. त्यामुळे तोच कंटेनर ठेवून मोठी राखीव छत्री घेता येते. बेशुद्ध माणसाला हीच छत्री जमिनीवर उतरवणार असल्याने ती जरा मोठी असलेली बरी.

छत्रीचा आकार ठरतो विंग लोडिंगवरून: उडी मारताना कपडे-सामानासकट जेवढे वजन, पौंडांत, त्याला चौरस फुटांनी भागायचे. ७३ किलोचा माणूस आणि ११ किलोचे सामान म्हणजे १८५ पौंड. १९० च्या छत्रीवर लोडिंग ०.९७, १५० वर १.२३. नवशिक्याने एकच्या आत राहावे असा सर्वसाधारण सल्ला असतो, आणि लोडिंग वाढले की उतरण्याचा वेगही वाढतो. इथेच खरेदी बिघडते. छत्री दोन वर्षांत बदलायची असते, कंटेनर मात्र महाग आणि मापाने शिवून घेतलेला; म्हणून लोक आज उडवतात त्या १९० ऐवजी पुढे कधीतरी उडवू म्हणून १५० चा कंटेनर मागवतात. मग एकतर १९० त्यात कोंबली जाते किंवा तयारी नसताना १५० उडवली जाते. यापेक्षा १७० बेताची आणि १९० घट्ट, तरी तक्त्यात बसणारी, असा कंटेनर घेणे शहाणपणाचे. १७० ची तयारी होईपर्यंत क्लबची भाड्याची छत्री वापरता येते.

जुना कंटेनर विकत घेताना विक्रेत्याने सांगितलेल्या मापावर भिस्त ठेवू नये. हार्नेसवरच्या पट्टीवर अनुक्रमांक आणि निर्मितीची तारीख असते. तो क्रमांक कारखान्याला कळवला की कंटेनर कोणत्या छत्र्यांसाठी शिवला होता हे सहसा कळते. त्यानंतर आपलीच छत्री आपल्याच पॅकरकडून त्यात भरून पाहावी.