वर्‍हाड आणि अणुभस्म

युद्ध अंगावर आलें तर आपण वाचूं काय, हा प्रश्न मनुष्यानें सर्व काळीं विचारला आहे. पूर्वीं त्याचें उत्तर तटाच्या उंचीवर व कोठारांतील धान्यावर अवलंबून असे. नरनाळा आणि गाविलगड हे वर्‍हाडचे बलाढ्य किल्ले याच हिशेबानें उभे राहिले. १५ डिसेंबर १८०३ रोजीं इंग्रजांनीं गाविलगडाच्या बाहेरील तटाला खिंडार पाडलें, आंतील तटाला शिड्या लावल्या, आणि तो हिशेब एका दिवसांत खोटा ठरला.

६ ऑगस्ट १९४५ रोजीं हिरोशिमावर पडलेल्या बाँबनें तटाचा प्रश्नच निकालांत काढला. सुमारें साडेतीन लाख वस्तीपैकीं वर्षअखेरपर्यंत अदमासें १,४०,००० माणसें मरण पावलीं. स्फोटस्थानापासूनचें अंतर हें येथें जगण्यामरण्याचें मुख्य माप ठरलें. परंतु १ मार्च १९५४ रोजीं बिकिनी बेटावर अमेरिकेनें केलेल्या स्फोटानें हेंहि माप अपुरें असल्याचें दाखविलें. तेथून सुमारें दीडशें किलोमीटरांवरील राँगेलाप बेटावर पांढरी राख पडली. लोकांना हलविण्यास दोन दिवस लागले. तोंवर ते आजारी पडूं लागले होते. नागपुराहून अमरावती जवळजवळ तितकीच दूर आहे.

पुढल्याच महिन्यांत, २ एप्रिलला, पंडित नेहरूंनीं असे प्रयोग थांबविण्याचें आवाहन केलें. १९५६ सालीं भारत सरकारनें या परिणामांविषयीं ग्रंथ प्रसिद्ध केला. डॉ. कोठारी यांच्यासमवेत मुंबईचे कर्करोगसंशोधक डॉ. खानोलकर यांचाहि त्यांत वांटा होता. १९५७ मध्यें नागपुरास आपत्तिनिवारणाचें शिक्षण देणारी संस्था निघाली. तीच १९६८ पासून राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाली.

हा हिशेब साधा आहे. स्फोटापासूनचा काळ सातपट झाला कीं राखेच्या किरणांचा जोर दहाव्या हिश्शावर येतो. एका तासानंतर तो हजार मानला, तर सात तासांनीं शंभर, दोन दिवसांनीं दहा, आणि दोन आठवड्यांनीं एक. समजा, राख पांच तासांनीं अमरावतीस पोंचली व त्या वेळीं उघड्यावर ताशीं अर्धा ग्रे किरणमात्रा आहे. दोन आठवडे उघड्यावर राहणाऱ्यास सुमारें सात ग्रे बसतील. उपचार न मिळाल्यास चार ग्रेनेंच निम्मीं माणसें दगावतात. आतां नऊ सेंटिमीटर दाबलेली माती किरणांचा जोर निम्मा करते. एक फूट मातीचें धाबें व जाड भिंती यांच्या आड तीच मात्रा दशांशावर येईल, आणि मनुष्य वांचेल. वर्‍हाडच्या जुन्या घरांनीं उन्हाळ्यासाठीं जें केलें, तेंच येथें उपयोगीं पडतें. पत्र्याचें छप्पर तें करूं शकत नाहीं.

ऋतूचाहि विचार हवा. नागपूर हें अमरावती-अकोल्याच्या पूर्वेस. हिवाळ्यांत उंचावरील वारे पूर्वेकडे वाहतात, म्हणून राख वर्‍हाडापासून दूर जाईल. ऐन पावसाळ्यांत फार उंचावरचे वारे पश्चिमेकडे वाहतात, आणि पाऊस राख खालीं आणतो. तेव्हां एकाच गांवाचें भवितव्य जानेवारींत एक व जुलैंत दुसरें.

परंतु खरी कसोटी पुढेंच आहे. दोन आठवडे आंत बसावयाचें तर पाणी पाहिजे. अकोल्यास काटेपूर्णा धरणाचें व अमरावतीस ऊर्ध्व वर्धा धरणाचें पाणी येतें. वीज बंद पडली कीं पंप थांबले. विहिरी आहेत खऱ्या, पण पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत त्यांचें पाणी पिववत नाहीं. किरणांतून वांचलेला मनुष्य तहानेनें घराबाहेर पडेल, तेंहि पहिल्या, सर्वांत घातक दिवसांत. झांकलेले रांजण भरलेले असले, तर हाच मनुष्य तिसऱ्या दिवसापर्यंत थांबूं शकेल.

गणित शक्यता सांगतें, शाश्वती देत नाहीं. स्फोटाच्या जवळच्यांना तें कांहींच देत नाहीं. शंभर-दीडशें किलोमीटरांवरील गांवांना मात्र माती, पाणी आणि थोडा धीर यांची खरी किंमत दाखवितें. गाविलगडाच्या तटांनीं रक्षण केलें नाहीं. साध्या धाब्याखालीं कदाचित् होईल. पण अशा रक्षणाची वेळच न येवो, हें पाहणें हाच सर्वांत खात्रीचा उपाय होय.